कान्नो-सानची डुकरीण

जपानातल्या ओजिमात, शमाच्या घरी चैत्रातलं हळदीकुंकू होतं. कैरी कुठे मिळाली नव्हती म्हणून वाटल्या डाळीत हिरवं सफरचंद किसून वर दोन लिंबं पिळली होती, आणि ती डाळ खाताना प्रत्येक बाई "अगदी कैरीसारखी लागतेय गं" असं धादांत खोटं बोलत होती. निघायच्या वेळी शमाने करंड्याऐवजी टिकल्यांचं पाकीट पुढे केलं, तेव्हा हशा पिकला.

"हसा," शमा म्हणाली. "पण कुंकू मी फेकून दिलं. मुलीच्या कपाळावर चट्टे उठले म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी तो पुडाच तपासायला पाठवला. पारा निघाला त्यात. भेसळ नुसती. मेधाताई, तुझ्याकडेही तोच पुडा असेल ना? माझ्या आईने आपल्या दोघींचे एकदमच पाठवले होते. वापरू नकोस बाई."

मेधाने मान हलवली. हातातली वाटी तिने खाली ठेवली, उचलली, पुन्हा खाली ठेवली. सरबत घेणार का असं कोणीतरी विचारलं, तर ती "हो, उशीर झालाय" असं म्हणून उठली आणि पायात दुसऱ्याच कोणाच्या तरी चपला घालून जिन्यापर्यंत गेली. शमाने तिला परत बोलावलं. ओजिमाच्या स्टेशनावर ती उलट्या बाजूची गाडी धरून चार स्टेशनं पुढे गेली, मग उतरली आणि परत फिरली. योकोहामाला नवऱ्याच्या घरी पोचेपर्यंत चांगलं अंधारून आलं होतं.

आता इतकं व्हायला काय झालं होतं, ते सांगायचं तर जरा मागे जायला हवं.

मेधा कोल्हापूरची. वडिलांचा लेथ मशीनचा छोटा कारखाना. खंडेनवमीला तिथली यंत्रं घासूनपुसून लख्ख करायची, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू वाहायचं, आणि दिवसभर कोणी बटणाला हात लावायचा नाही. वडील एरवी देवापुढे हात जोडायलाही कंटाळा करणारे, पण त्या दिवशी पान्हे आणि पक्कडसुद्धा ओळीने मांडून त्यांच्यावर बोट टेकवायचे. वर्षभर ज्याने हाताला साथ दिली त्याला एक दिवस विश्रांती, इतकंच त्यांचं शास्त्र होतं. मेधा पुढे रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून क्योतोला आली, जुन्या वस्तू न खरवडता, न फोडता त्यांच्यात काय काय आहे हे क्ष-किरणांनी ओळखायच्या कामाला लागली, तरी हे शास्त्र काही सुटलं नाही. दर वर्षी खंडेनवमीला ती प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या कोपऱ्याला आणि आपल्या बारीक चिमट्याला हळदकुंकू लावायची आणि त्या दिवशी यंत्र बंद ठेवायची. तिचे प्रमुख हायासे-सेन्सेई, म्हणजे हायासे गुरुजी, यांना त्याचं कौतुकच होतं. त्यांच्याकडेही बोथट झालेल्या सुया मऊ तोफूत टोचून त्यांचे आभार मानायची पद्धत आहे. ते म्हणायचे, तुमचं यंत्र आमच्या यंत्रांपेक्षा कमी बिघडतं, तेव्हा काहीतरी असेल त्यात.

एका जागी बसणं मात्र मेधाला जन्मात जमलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मोठा भूकंप झाला तेव्हा घरून फोनवर फोन येत होते की बस झालं, परत या. नीलकंठचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, योकोहामातलं ऑफिस काही दिवस ओसाकाला हललं. ही बाई मात्र सगळे जिकडून निघत होते तिकडेच निघाली. समुद्राने घरंदारं नेली होती त्या किनाऱ्यावर, गाळातून जुन्या वस्तू सोडवायला जाणाऱ्या मंडळींबरोबर. "सेवाबिवा काही नाही, तिला घरात बसवत नाही," असं नीलकंठ मित्रांना सांगायचा, आणि त्यात बरंचसं खरं होतं.

तिथे तिला कान्नो-सान भेटले. निवृत्त शाळामास्तर, सत्तरीच्या पुढचे, काटकुळे, बोलायला कंजूष. त्यांचे आजोबा जहाजावर डॉक्टर होते आणि जाता-येता इजिप्तच्या बंदरातून त्यांनी जनावरांच्या आकाराचे ताईत गोळा केले होते. कुणी नखाएवढे, कुणी बोटाच्या पेराएवढे. बेडूक, मांजर, ससाणा, मेंढा, पाणघोडा. दळलेल्या गारगोटीचे, वर निळ्याहिरव्या चकाकीचे. अडीच हजार वर्षांपूर्वी ते कोणीतरी गळ्यात बांधले असतील, कोणाच्या प्रेताबरोबर कापडात गुंडाळले असतील. त्यांत एक डुकरीणही होती, पोटाखाली ओळीने पिल्लं लागलेली. तिकडे आकाशाच्या देवीला डुकरिणीचं रूप देत, आणि मूल व्हावं, झालेलं जगावं म्हणून असा ताईत बाळगत असावेत असं जाणकार सांगतात. कान्नो-साननी घरामागच्या कोठीत दोन कपाटं लावून त्यांचं संग्रहालय केलं होतं. संग्रहालय म्हणायचं ते कौतुकाने. आत एका वेळी दहा माणसंही मावत नव्हती.

लाटेने कोठी नेली. गावातल्या पोरांनी आणि बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांनी चाळणीने गाळ चाळला, तेव्हा बरीचशी जनावरं सापडली. समुद्राचं मीठ आत मुरलं की असल्या वस्तू हळूहळू भुगा होऊन जातात, म्हणून ती क्योतोला नेऊन महिनोन् महिने शुद्ध पाण्यात ठेवायची, पाणी बदलायचं, पुन्हा ठेवायचं, हे काम मेधाकडे आलं. तिने ते जीव लावून केलं. कान्नो-सान महिन्यातून एकदा फोन करायचे आणि "सगळे बरे आहेत ना?" एवढंच विचारायचे.

मग मागच्या पानगळीत मेधाला डुकरिणीच्या दोन पिल्लांमधल्या खाचेत लाल रंग दिसला. अगदी चिमूटभर. यंत्राखाली धरला तर त्यात पारा निघाला. इतक्या जुन्या इजिप्शियन ताइतावर पाऱ्याचा लाल रंग म्हणजे फारच नवलाची गोष्ट होती. हायासे-सेन्सेईंना दोन रात्री झोप लागली नाही म्हणतात. त्यांनी त्या चिमूटभर रंगावर इमला चढवला: हा बाळंतपणाच्या रक्ताचा रंग, आयांच्या रक्षणासाठी मुद्दाम भरलेला. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. आणि किनाऱ्यावरचं ते गाव, जिथे नवं सभागृह बांधायचं चाललं होतं आणि जिथे एक सभासद भर बैठकीत "आधी माणसांना घरं द्या, मग बेडकांना" असं बोलला होता, ते गाव एकदम नरम पडलं. सभागृहातली एक खोली कान्नो-सानच्या जनावरांना द्यायची असं जवळजवळ ठरलं. सेन्सेई स्वतः गावात येऊन शोध जाहीर करणार, मग ठरावावर शिक्का. त्याला आता दोन आठवडे उरले होते.

ओजिमाच्या हळदीकुंकवात वाटी खाली ठेवताना मेधाच्या डोळ्यापुढे हे सगळं होतं. मीठ काढून नुकतीच पाण्याबाहेर आलेली ओलसर डुकरीण, खंडेनवमीनंतरची सकाळ, आणि पुसला असं समजून हातात घेतलेला चिमटा.

"पण तुला आधीच नाही का डाउट आला?" नीलकंठने विचारलं. तो लॅपटॉप मिटून बसला होता, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"कुंकू म्हणजे हळद, टाकणखार आणि लिंबू. आमच्या शेजारच्या काकू घरी करायच्या. त्यात पारा येईल कुठून?" मेधा म्हणाली. ती ओट्यावरची भांडी घासत होती. ती आधीच घासलेली होती.

"मग आधी टेस्ट कर. उगाच पॅनिक नको. रिझल्ट आल्यावर बघू."

सल्ला शहाणा होता. मेधाने तो चार दिवस पाळला नाही. क्योतोला परत आल्यावर तिने प्रयोगशाळेतली कपाटं आवरली, सगळ्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या नव्याने लावल्या, सायकलच्या चेनला तेल दिलं. हातून चूक झाली याची लाज होतीच, पण त्याहून वाईट गोष्ट अशी की आपण तपासलंच नाही तर कोणालाच कधी कळणार नाही, हा विचार तिला पुन्हापुन्हा येत होता आणि दर वेळी तो तिला बरा वाटत होता. आपल्याला हा बरा वाटतो याचीच तिला भीती वाटू लागली.

पाचव्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर तिने पर्समधली त्याच पुड्यातल्या कुंकवाची डबी काढून चिमूटभर यंत्राखाली धरली. पारा. मग डुकरीण अतिनील दिव्याखाली ठेवली. हळद त्या दिव्याखाली पिवळी उजळते, हे तिने विद्यार्थ्यांना हौसेने शिकवलं होतं. पिल्लांच्या मधे, लाल कणांच्या कडेला, पिवळे ठिपके चमकत होते. मेधाने दिवा बंद केला, लावला, बंद केला. ठिपके काही हलले नाहीत.

त्यानंतर ती सेन्सेईंच्या दारापर्यंत तीनदा गेली. पहिल्या खेपेला ते फोनवर होते. दुसऱ्या खेपेला आत जाऊन तिने रजेबद्दल काहीतरी विचारलं. तिसऱ्या खेपेला त्यांनीच तिला बसवलं आणि नवा कोट दाखवला. "पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार, मेधा-सान," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की या वस्तूत अमुक नाही, तमुक नाही. एकदा तरी काहीतरी आहे असं सांगायचं होतं." मेधा "छान आहे कोट" म्हणाली आणि बाहेर आली. तिला स्वतःचा इतका राग आला की तिने त्या दिवशी बस सोडली आणि घरापर्यंत चालत गेली.

शोध जाहीर व्हायच्या आधीच्या दिवशी जनावरं घेऊन तिने पुढे जायचं आणि मांडणी करायची असं ठरलेलं होतं. आगगाडीत तिने पेटी मांडीवर घेतली ती सेंदाई स्टेशनापर्यंत खाली ठेवली नाही. शेजारच्या बाईने वरच्या फळीवर जागा आहे असं दोनदा सुचवलं. पुढे रूळ वाहून गेले होते, तिथे बस होती. खिडकीतून दोन वर्षांनी पुन्हा तोच किनारा दिसत होता, फक्त ढिगारे जाऊन सपाट मोकळी जमीन उरलेली आणि तीवर गवत उगवलेलं. तिने वाटेत जपानीतली वाक्यं मनाशी जुळवली. माफीची जपानी वाक्यं फार लांब असतात, आणि बोलायचं ते शेवटी येतं. शेवटापर्यंत आपण टिकणार नाही असं तिला वाटत राहिलं.

कान्नो-सान थांब्यावर उभे होते. तात्पुरत्या घरांच्या चाळीत त्यांची एक खोली होती. बूट काढायला जागा नाही इतकी लहान, पण आत टेबलावर त्यांनी स्वच्छ पांढरा कपडा अंथरून ठेवला होता. चहा झाला. त्यांनी विचारलं, "सगळे बरे आहेत ना?"

मेधाने पेटी उघडून डुकरीण कपड्यावर ठेवली. जुळवलेली सगळी वाक्यं गेली.

"कान्नो-सान, हा लाल रंग इजिप्तचा नाही," ती म्हणाली. "माझा आहे."

मग तिने सांगितलं. वडिलांचा कारखाना, खंडेनवमी, चिमटा, शमाच्या मुलीच्या कपाळावरचे चट्टे, दिव्याखालचे पिवळे ठिपके. सेन्सेईंना अजून सांगितलेलं नाही, सांगायचं धैर्य झालं नाही, उद्या ते आले की सांगणार आहे, पण खोली तुमची जाणार, म्हणून आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, हेही सांगितलं. कान्नो-सान तिच्याकडे बघत नव्हते. ते डुकरिणीकडे बघत होते.

इतक्यात जमीन हलली. फार नाही, कपातला चहा हिंदकळला इतकीच. पण दोघांचेही हात एकदम पुढे गेले आणि डुकरिणीच्या दोन्ही बाजूंनी आडवे झाले. धक्का ओसरला तरी हात काही क्षण तसेच होते.

"तो रंग निघेल का?" कान्नो-साननी हात मागे घेत विचारलं.

"निघेल. पुराव्यापुरते थोडे कण मी बाजूला काढून ठेवलेत. फोटो आहेत. बाकीचा काढला तरी चालेल."

"मग काढा."

मेधाने पिशवीतून कापूस गुंडाळलेल्या काड्या आणि द्रावणाची बाटली काढली. तिने कोपर टेबलाला टेकवलं. खाचेतून काडी फिरवली की कापूस आधी लाल आणि मग कडेने पिवळसर होत होता. तीन काड्या लागल्या. जगभर गाजणार होता तो शोध त्या तीन काड्यांवर मावला. चौथी काडी कोरी निघाली तेव्हा तिने डुकरीण त्यांच्याकडे सरकवली.

कान्नो-साननी चष्मा बदलला. डुकरीण उचलून नाकाजवळ नेली, पालथी केली, पिल्लांच्या ओळीवरून अंगठ्याचं नख हलकेच फिरवलं. मेधाला वाटलं, आता रागावतील. रागवावं असंच तिला वाटत होतं.

"अशीच होती," ते म्हणाले.

तिला नीट कळलं नाही.

"आमच्याकडे वर्षाअखेरीला घर साफ करतात. जनावरं पुसायचं काम माझ्याकडे होतं. दहा-बारा वर्षांचा होतो तेव्हापासून. बांबूच्या काडीला रेशमाची चिंधी गुंडाळून आजोबांनी शिकवलं होतं, पिल्लांच्या मधून कशी फिरवायची ते." त्यांनी डुकरीण कपड्यावर ठेवली. "तिथे लाल कधीच नव्हतं. सेन्सेईंनी हिचा फोटो पाठवला, त्याच दिवशी मला कळलं."

इतके दिवस मेधा ज्याच्यासाठी तळमळत होती तो माणूस हे सुरुवातीपासून जाणत होता. आधी तिला हलकं वाटलं, आणि लगेच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग तुम्ही बोलला का नाहीत?" ती म्हणाली. पाहुणीने यजमानाला असं विचारायचं नसतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

"मी मनाला समजावत होतो. समुद्राने वरचा थर धुतला असेल, आतला रंग वर आला असेल. तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही म्हणता आहे, म्हणजे असेलच. कितीदा समजावलं मी. मला ती खोली हवी होती, मेधा-सान. शाळेची मुलं यायची ना, ती इतर जनावरांकडे बघायचीसुद्धा नाहीत. हिच्यापुढे उभं राहून हसायची. डुकरीण देवी कशी असेल म्हणून. त्यातली काही मुलं आता नाहीत. ती जिथे उभी राहून हसायची, ती जागा मला परत हवी होती."

मेधाचा राग गेला. त्याच्या जागी जे आलं ते सोसायला रागाहून अवघड होतं. आपण तोंड उघडून या माणसाचं काय काढून घेतलं, हे तिला आत्ता नीट समजलं. तिने वाकून माफी मागितली. त्यांनीही वाकून मागितली. अडचणीच्या त्या खोलीत दोघांची डोकी टेबलावर आपटता आपटता राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं थांब्यावर गेले. मेधाला एका जागी उभं राहवत नव्हतं. ती थांब्याच्या खांबापासून वेळापत्रकाच्या पाटीपर्यंत फेऱ्या घालत होती आणि पहिलं वाक्य ओठातल्या ओठात म्हणून बघत होती. कान्नो-सान पेटी छातीशी धरून ताठ उभे होते. शाळेत कधीतरी घालत असतील तो काळा कोट त्यांनी अंगावर चढवला होता, आणि तो खांद्यांना सैल झाला होता.

बस आली. हायासे-सेन्सेई नव्या कोटात उतरले. हातात क्योतोच्या मिठाईचा खोका होता. दोघांना पाहून ते लांबूनच हसले आणि "हवा किती छान पडलीय" म्हणाले. मेधा पुढे झाली. पण तिने तोंड उघडायच्या आत कान्नो-सान तिच्या पुढे आले, पेटीसकट कमरेतून वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"सेन्सेई, या डुकरिणीला मी साठ वर्षं माझ्या हाताने पुसलंय," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "आधी माझं ऐका, मग या बाईंचं."

सेन्सेईंनी मिठाईचा खोका पुढे धरला होता. तो घ्यायला कोणाचाच हात आला नाही, आणि त्यांचं हसू अजून चेहऱ्यावर तसंच होतं.